मांजरीच्या पिलाचे पिता : हजरत अबू हुरैरा (रजि.)

वाचकहो, जुम्याच्या खुतब्यात, मुलांच्या मक्तबात, घरातल्या हदीसच्या वाचनात एक नाव आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, एवढे शब्द कानी पडले की आपण सावरून बसतो आणि पुढच्या मजकुराकडे लक्ष लावतो. आज आपण त्या नावापाशीच थोडे थांबू या. अरबीत हिर्रा म्हणजे मांजरी आणि हुरैरा हे त्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. म्हणजे इवलीशी मांजरी. मराठीत आपण लेकरांशी बोलताना मनीमाऊ म्हणतो, त्यात जो लडिवाळपणा आहे तोच या रूपात आहे. अबू म्हणजे पिता. अरबांमध्ये माणसाला त्याच्या अपत्याच्या नावावरून हाक मारण्याची रीत होती. या थोर सहाबींना मात्र जगाने एका मांजरीच्या पिलाचा पिता म्हणून ओळखले आणि चौदाशे वर्षे लोटली तरी तसेच ओळखते आहे.

ते मूळचे यमनकडील दौस कबिल्याचे. बापाचे छत्र लहानपणीच हरपलेले. तरुणपणी त्यांनी बुसरा बिन्ते गजवान नावाच्या एका स्त्रीकडे पोटाला अन्न आणि प्रवासात पाळीपाळीने मिळणारी स्वारी एवढ्या मोबदल्यावर चाकरी केली. काफिला मुक्कामाला उतरला की लाकडे गोळा करायची आणि निघाला की उंटांना हाक द्यायची, हे त्यांचे काम. पुढे याच बुसरा त्यांच्या पत्नी झाल्या आणि आपल्या आयुष्यातल्या या उलटापालटीबद्दल ते अल्लाहचे आभार मानीत असत. इस्लामपूर्व काळात त्यांचे नाव अब्दे शम्स, म्हणजे सूर्याचा दास, असे होते असे सांगतात. इमान स्वीकारल्यावर ते अब्दुर्रहमान झाले. त्यांच्या खऱ्या नावाबाबत चरित्रकारांमध्ये इतके मतभेद आहेत की ती चर्चा वाचताना मती गुंग होते. कारण उघड आहे. त्या पिलाच्या नावाने त्यांचे स्वतःचे नाव पार झाकून टाकले.

ते पिलू त्यांना कसे लाभले, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. ते घरच्या शेळ्या चारीत असत. त्यांच्यापाशी मांजरीचे एक छोटे पिलू होते. रात्री ते त्याला एका झाडावर ठेवीत आणि दिवस उजाडला की सोबत घेऊन जात, त्याच्याशी खेळत. ही हकीकत इमाम तिरमिजी यांच्या संग्रहात आहे. दुसऱ्या एका कथनात ते पिलू त्यांना सापडले होते आणि ते त्यांनी आपल्या अस्तनीत घालून आणले, असा उल्लेख येतो. म्हणजे ते विकत घेतलेले किंवा कुणी भेट दिलेले नव्हते. रानात कुठेतरी आईपासून चुकलेले असावे.

वाचकहो, झाडाचा हा तपशील नजरेआड करू नका. शेळ्या राखणाऱ्या पोरक्या मुलाला आपले लाडके पिलू रात्री कुशीत घेऊन झोपणे किती सोपे होते! पण त्यांनी त्याला उंचावर जागा दिली. मांजराला उंच जागी निर्धास्त वाटते. तिथून खालचे सारे दिसते आणि कुत्र्या-कोल्ह्याचे तोंड तिथवर पोचत नाही. आपल्याला काय आवडते यापेक्षा त्या जिवाला कशाने सुरक्षित वाटते, हे त्या मुलाने ओळखले होते. सकाळी पिलू खाली घ्यायला हात वर करणारा मुलगा आणि रात्रभर वर सुखरूप राहिलेले पिलू, यांच्यातला विश्वास त्या झाडाने राखला होता, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

दौस कबिल्यात इस्लामचा संदेश पोचवला तो हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांनी. प्रारंभी फार थोड्यांनी त्यांचे ऐकले. ते कंटाळून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि दौसच्या लोकांसाठी बददुआ करावी अशी त्यांनी विनंती केली. प्रेषितांनी (स.) हात वर केले तेव्हा आता दौसचा नाश ठरलेला, असेच उपस्थितांना वाटले, पण त्या हातांनी मागितले ते दौसच्या लोकांना सन्मार्ग लाभावा एवढेच. हिजरी सन 7 मध्ये, खैबरच्या मोहिमेच्या वेळी, त्याच कबिल्यातली अनेक माणसे मदीनेकडे आली आणि त्यांच्यात हे मांजरीच्या पिलाचे पिताही होते. वाटेत त्यांचा गुलाम चुकला. मदीनेत ते प्रेषितांजवळ (स.) बसलेले असताना तो अचानक येऊन उभा राहिला, तेव्हा तिथल्या तिथेच त्यांनी त्याला अल्लाहखातर मुक्त केले. मदीनेतले त्यांचे आयुष्य असे सुरू झाले: हाती होते नव्हते ते देऊन टाकून.

आता त्यांचा मुक्काम होता मस्जिद-ए-नबवीतला सुफ्फा. मशिदीच्या एका बाजूला असलेला सावलीचा चौथरा. ज्यांना घर नाही, नातलग नाहीत, कामधंदा नाही असे लोक तिथे राहत, ज्ञान घेत आणि येईल त्या अन्नावर गुजराण करीत. मुहाजिर व्यापारासाठी बाजारात असत, अन्सार आपल्या मळ्यांत आणि खजुरांच्या बागांत असत, अबू हुरैरा (रजि.) मात्र प्रेषितांची (स.) सोबत सोडीत नसत. जेमतेम चार वर्षांच्या त्या सहवासात त्यांनी जे साठवले ते पुढे हजारो हदीसच्या रूपाने उम्मतपर्यंत पोचले. त्यांच्या नावावर 5374 कथने मोजली जातात. त्यांत एकच गोष्ट निरनिराळ्या सनदींनी पुन्हा पुन्हा येते, हेही ध्यानी असावे.

त्या दिवसांतली भूक त्यांनी लपवून ठेवली नाही. पोटाला दगड बांधून ते राहिले. कित्येकदा मिंबर आणि हजरत आयेशा (रजि.) यांची खोली यांच्या मधल्या जागेत ते बेशुद्ध होऊन पडत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, याला वेडाचा झटका आला आहे, आणि तो त्यांच्या मानेवर पाय ठेवी. वेड नव्हते, पोटात अन्न नव्हते. एकदा प्रेषितांनी (स.) खजूर वाटले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सात आले. अबू हुरैरांच्या (रजि.) वाट्याच्या सातांत एक वाळून कडक झालेला होता आणि त्यांना तोच सर्वांत आवडला. का? तो चावायला वेळ लागतो, तोंडात अधिक टिकतो म्हणून. भुकेचे असे वर्णन भूक सोसलेला माणूसच करू शकतो.

आणि तरीही ते मागत नसत. हाच त्यांच्या चरित्रातला असा भाग आहे की जिथे आपण अंमळ रेंगाळायला हवे. एके दिवशी भूक असह्य झाली तेव्हा ते लोकांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर जाऊन बसले. हजरत अबू बक्र (रजि.) तिकडून गेले. अबू हुरैरांनी (रजि.) त्यांना कुरआनच्या एका आयतीबद्दल विचारले. आयत त्यांना ठाऊक होती. आपल्याला घरी नेऊन काही खाऊ घालावे, एवढीच मनातली इच्छा होती. हजरत अबू बक्र (रजि.) उत्तर देऊन पुढे गेले. मग हजरत उमर (रजि.) आले. पुन्हा आयत, पुन्हा उत्तर, आणि तेही पुढे गेले. या दोघांइतके उदार लोक मदीनेत शोधून सापडले नसते; पण प्रश्न आयतीचा होता आणि त्यांनी आयतीचेच उत्तर दिले. त्यानंतर प्रेषित (स.) तिथे आले. त्यांनी पाहिले, स्मित केले, चेहऱ्यावरचे आणि मनातले दोन्ही वाचले. तोंडातून एक शब्दही न काढता बसलेल्या त्या भुकेल्या माणसाला त्यांनी हाक दिली ती अबा हिर्र या नावाने आणि मागोमाग यायला सांगितले.

घरी दुधाचा एक पेला भेट म्हणून आला होता. प्रेषितांनी (स.) सुफ्फावरील सगळ्यांना बोलावून आणण्यास सांगितले. येथे अबू हुरैरा (रजि.) यांनी आपल्या मनाची अवस्था अगदी प्रामाणिकपणे सांगितली आहे: त्यांना वाईट वाटले. एवढेसे दूध, इतकी तोंडे, आणि वाढण्याचे काम आपल्याकडे. मग आपल्याला काय उरणार? पण आज्ञा मोडणे शक्य नव्हते. ते गेले, सगळ्यांना घेऊन आले आणि एकेकाच्या हाती पेला देऊ लागले. प्रत्येकाने पोटभर प्याल्यावर पेला परत यायचा. शेवटी प्रेषित (स.) आणि अबू हुरैरा (रजि.) हे दोघेच राहिले. त्यांना बसायला सांगितले गेले, प्यायला सांगितले गेले, आणखी प्यायला सांगितले गेले, शेवटी पोटात जागाच उरली नाही असे त्यांना शपथेवर सांगावे लागले. मग उरलेले दूध प्रेषितांनी (स.) अल्लाहची स्तुती करून घेतले.

हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांच्याविषयी अबू हुरैरांच्या (रजि.) मनात खास जागा होती, तीही याच कारणाने. आयत विचारली की ते ओळखत, घरी नेत आणि घरात असेल ते पुढे ठेवीत. काहीच नसले तर तुपाची रिकामी चामडी पिशवी बाहेर काढीत. ती फाडून आत चिकटलेले तूप हे गरीब पाहुणे चाटून घेत.

आता आपल्या मोहल्ल्याकडे वळून पाहा. मासळीवाल्याच्या पाटीखाली पायांत घुटमळणारे, घरात शिरून ताटाशी येऊन ओरडणारे मांजर आपल्याला ठाऊक असते. त्याला काही ना काही मिळतेच. पण भिंतीच्या कडेला, उभ्या रिक्षाच्या चाकामागे, जिन्याखालच्या अंधारात एक दुसरे मांजर असते. ते ओरडत नाही. आपण जवळ गेलो की नाहीसे होते, आपण दूर गेलो की पुन्हा तिथेच दिसते. त्याचे बसणे हाच त्याचा प्रश्न असतो. अबू हिर्र (रजि.) यांच्या भुकेची हकीकत वाचताना मला त्या बसण्याची आठवण होते आणि ही तुलना सहाबींच्या अदबीला सोडून आहे असे मला वाटत नाही, कारण मांजराशी आपले नाते त्यांनी स्वतःच अभिमानाने मिरवले. प्रेषित (स.) आपल्याला अबा हिर्र म्हणत, याचे त्यांना फार कौतुक होते.

मांजरांविषयी त्यांनी आपल्यापर्यंत पोचवलेली सर्वांत कठोर गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवले. स्वतः खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला सोडलेही नाही. ते मेले आणि ती स्त्री त्यापायी जहन्नमला गेली. हीच हकीकत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनीही कथन केली आहे. तिच्यातला दुहेरी दोष आपण नीट पाहत नाही. मुलाने हट्ट केला म्हणून पिलू घरी आणायचे, चार दिवस कौतुक करायचे आणि ते घाण करते म्हणून पोत्यात घालून बाजाराच्या कडेला नेऊन सोडायचे, असे आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास होते. घरच्या ताटाची सवय लागलेले, शिकार न शिकलेले पिलू अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे होते काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. उलट बाजूची हकीकतही अबू हुरैरांनीच (रजि.) सांगितली आहे. तहानेने विहिरीभोवती घुटमळणाऱ्या कुत्र्याला बनी इस्राईलमधल्या एका बदनाम स्त्रीने आपला मोजा काढून त्याने पाणी पाजले आणि अल्लाहने तिला क्षमा केली. दोन्ही प्रसंगांत त्या स्त्रियांच्या नमाज-रोजांचा उल्लेख नाही. निकाल एका मुक्या जिवावर लागला.

आणखी एक. मांजर आडवे गेले की पाऊल मागे घेणारे लोक आपल्यातही आहेत. अपशकुनाला काही आधार नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण सांगणाऱ्यांत हेच मांजरीच्या पिलाचे पिता आहेत. अल्लाहने हा योगही काय जुळवून आणला!

मदीनेतल्या घरांत मांजरांची ये-जा होती, हे इतर सहाबींच्या कथनांवरूनही दिसते. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सुनेने वजूचे पाणी ठेवले असता मांजर आले. त्यांनी भांडे कलते केले आणि त्याला पिऊ दिले. सून आश्चर्याने पाहत राहिली, तेव्हा त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली की मांजर नजिस नाही, ते तुमच्याभोवती घरात वावरणाऱ्यांपैकी आहे. हजरत आयेशा (रजि.) नमाजमध्ये असताना कुणी हरीसा आणून ठेवला आणि मांजराने तो थोडा खाल्ला. नमाज संपवून त्यांनी मांजराने तोंड लावलेल्या बाजूनेच खाल्ले. मशिदीच्या हौदावर मांजर पाणी प्याले तर वजू होईल का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात विचारला जातो, म्हणून इथेच सांगतो. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांच्या मते मांजराचे उष्टे पाणी शुद्ध आहे. हनफी फकीह दुसरे पाणी उपलब्ध असताना ते वापरणे मक्रूह-ए-तंजीही मानतात, नापाक मानत नाहीत. आणि हौद मोठा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मांजराला हाकलण्यासाठी दगड उचलण्याचे कारण दोन्ही मतांत नाही.

याच ओघात एक खुलासा करणे मला भाग आहे. कपड्यावर झोपलेले मांजर जागे होऊ नये म्हणून प्रेषितांनी (स.) अस्तनी कापली, ही गोष्ट मोबाइलवर फिरते आणि बरेच लोक ती मुलांना सांगतात. हदीसच्या विश्वासार्ह संग्रहांत ती सापडत नाही. शेख अहमद रिफाई (रह.) यांच्याविषयी अशी हकीकत सांगितली जाते. गोष्ट गोड आहे म्हणून ती प्रेषितांच्या (स.) नावावर घालणे योग्य नाही, आणि ज्या सहाबींनी एकेक शब्द जपून पोचवला त्यांच्या चरित्रात तर मुळीच नाही. खऱ्या गोष्टी काय थोड्या आहेत?

भित्र्या मांजराची ओळख करून घ्यायची तर घाई कामाची नाही. रोज एकाच वेळी, एकाच जागी अन्न ठेवावे आणि मागे सरावे. पहिले काही दिवस ते आपल्यासमोर खाणारच नाही. मग आपण चार हातांवर बसावे. उभा माणूस त्याला डोंगराएवढा भासतो. रोखून पाहू नये, हात पुढे करू नये. डोळे सावकाश मिटावे आणि उघडावे. मांजरांच्या भाषेत ती निर्भयतेची खूण आहे. आठवडे जातील, क्वचित महिने जातील. एखाद्या दिवशी ते आपल्याकडे पाठ करून खाईल, तेव्हा समजावे की बरेच अंतर कापले गेले. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागलेले पिलू लवकर माणसाळते. रस्त्यावरच मोठे झालेले मांजर कदाचित कधीच अंगाला हात लावू देणार नाही. त्याला तसेच राहू द्यावे. खाऊ घातले म्हणून ते आपल्या मालकीचे होत नाही.

अन्नाचेही थोडे तारतम्य हवे. मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी किंवा मासळी चांगली. आपल्या सालनातला कांदा आणि लसूण मांजराला बाधतो. बिर्याणीतली शिजलेली हाडे फुटून घशात रुततात. दूध देण्याची आपल्याला हौस असते, पण मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना ते पचत नाही. स्वच्छ पाण्याची वाटी त्याहून मोलाची आणि एप्रिल-मेमध्ये तर ती जीव वाचवते. मुलांना मांजराच्या मागे धावू देऊ नये. चावले किंवा ओरबाडले तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. हळद-चुना लावून घरी बसू नये. आणि ज्याला मांजराचा त्रास होतो त्या शेजाऱ्याच्या दारात वाटी ठेवू नये, खाऊन झाले की उरलेले उचलावे, जागा धुवावी. शेजाऱ्याला उपद्रव देणाऱ्याविषयीचे इशारेही अबू हुरैरांनीच (रजि.) आपल्याला ऐकवले आहेत, त्यांचे एक घ्यावे आणि दुसरे सोडावे असे चालत नाही.

त्यांच्या चरित्राकडे परत येऊ. त्यांच्या मनाला सलणारे एक दुःख मदीनेतही होते. आई इमान स्वीकारत नव्हती. ते तिला पुन्हा पुन्हा बोलावीत आणि ती नाकारी. एकदा ती प्रेषितांविषयी (स.) असे काही बोलली की ते रडतच निघाले आणि त्यांनी प्रेषितांकडे (स.) तिच्यासाठी दुआ मागितली. दुआ झाली. ते आनंदाने घरी आले तो दार बंद. आत पाण्याचा आवाज येत होता. आईने पावलांची चाहूल ओळखून बाहेरच थांबायला सांगितले, स्नान केले, वस्त्र नेसली, घाईत ओढणी राहिली ती राहिलीच, आणि दार उघडून तिने कलिमा उच्चारला. ते पुन्हा प्रेषितांकडे (स.) गेले तेव्हाही रडत होते, या वेळी आनंदाने. त्यांनी अजून एक दुआ मागून घेतली: अल्लाहने आपल्याला आणि आपल्या आईला श्रद्धावंतांचे लाडके करावे. आई हयात असेपर्यंत तिची सेवा सोडून ते हजला गेले नाहीत.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर दिवस पालटले. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना बहरैनचे प्रशासक नेमले. परतताना त्यांच्याजवळ पैसा दिसला तेव्हा खलिफांनी कठोरपणे हिशोब विचारला. घोड्यांची वीण, आपला भत्ता आणि गुलामाची कमाई असा हिशोब त्यांनी दिला आणि चौकशीत तो खरा ठरला. पुढे पुन्हा नेमणूक देऊ केली तेव्हा मात्र त्यांनी ती नम्रपणे नाकारली. उमय्या काळात मरवान मदीनेबाहेर जाई तेव्हा कारभार त्यांच्याकडे येई. त्या दिवसांत मदीनेचा हा कारभारी लाकडांची मोळी पाठीवर घेऊन बाजारातून चाले आणि लोकांना विनोदाने म्हणे की अमीरला वाट द्या. तरुणपणी काफिल्याची लाकडे वाहणाऱ्या माणसाला मोळीची लाज कशी वाटणार?

एकदा अंगावर रंगवलेली तागाची दोन उंची वस्त्रे असताना त्यांनी त्याच कापडाला नाक पुसले आणि स्वतःचीच थट्टा केली: मिंबर आणि आयेशांच्या (रजि.) खोलीच्या मध्ये भुकेने पडणारा अबू हुरैरा आज तागाला नाक पुसतो! आणखी एकदा भाजलेली मेंढी पुढे घेऊन बसलेल्या लोकांनी त्यांना आग्रहाने बोलावले. ते बसले नाहीत. प्रेषित (स.) जवाच्या भाकरीने पोट भरल्यावाचून जगातून गेले, एवढे सांगून ते पुढे निघून गेले.

त्यांच्या घरात रात्रीचे तीन वाटे होत. एक वाटा ते स्वतः नमाजमध्ये जागत, मग पत्नीला उठवीत, तिच्यानंतर सेवकाची पाळी येई. त्या घरावर रात्रीचा एकही प्रहर इबादतीविना जात नसे.

हजरत आयेशा (रजि.) यांच्या जनाजाची नमाज त्यांनी पढवली. त्यानंतर थोड्याच काळात ते स्वतः अंथरुणाला खिळले आणि रडू लागले. कारण विचारता त्यांनी जग सोडण्याचे दुःख नसल्याचे सांगितले. प्रवास लांबचा आहे, शिदोरी थोडी आहे आणि पुढच्या वाटेचे एक टोक जन्नतला तर दुसरे जहन्नमला जाते, ही चिंता होती. आपल्या कबरीवर तंबू उभारू नये, मागे धूप-निखारे नेऊ नयेत आणि जनाजा लवकर उचलावा, अशी त्यांची वसियत होती. वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात होते. साल कुणी हिजरी 57, कुणी 58, कुणी 59 मानतात. मदीनेचा अमीर वलीद बिन उतबा याने जनाजाची नमाज पढवली आणि जन्नतुल बकीमध्ये, मदीनेच्या इतर सहाबींच्या सोबतीने, त्यांचे दफन झाले.